पर्ल पांढऱ्या गाडीचं फेंडर रंगवताना

काम असं होतं: तीन कोटांच्या पर्ल पांढऱ्या गाडीचं पुढचं डावं फेंडर (चाकावरचा पत्रा) बदललेलं, बंपरचा डावा कोपरा खरचटलेला आणि शेजारचा दरवाजा धड. मालकाचं म्हणणं एवढंच, की उन्हात उभी केली तरी काम झाल्याचं कळू नये. साध्या पांढऱ्या गाडीत ही मागणी सहज पुरी होते. पर्लमध्ये मात्र स्प्रे गन गाडीकडे वळवण्याआधीच निम्मं काम उरकलेलं असावं लागतं, आणि ते सगळं टेस्ट कार्डावर, म्हणजे रंगाच्या नमुना पट्टीवर होतं.

पर्ल पांढऱ्यात खाली पांढरा ग्राउंड कोट असतो, त्यावर पर्लचा पारदर्शक मिडकोट आणि सगळ्यात वर क्लिअर, ज्याला आपल्याकडचे बरेच पेंटर लॅकरच म्हणतात. मिडकोटमध्ये अभ्रकाचे बारीक पापुद्रे असतात आणि प्रत्येक पापुद्र्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिशय पातळ लेप असतो. या लेपाची जाडी बदलली की परत येणाऱ्या उजेडाची छटा बदलते: रुपेरी, सोनेरी, निळसर. काही उजेड अभ्रकावरून परततो, उरलेला आरपार जाऊन खालच्या पांढऱ्यावर आपटून वर येतो. डोळ्याला दिसतो तो रंग या दोन्हींची बेरीज असतो. म्हणून डब्यातला रंग शंभर टक्के बरोबर असला तरी मिडकोटचा एक कोट जास्त किंवा कमी पडला की जुळणी गेली. बहुतेक पर्ल पांढऱ्यांत जादा कोटाने समोरून पिवळसरपणा वाढतो आणि बाजूने रंग गडद होतो. कोट कमी पडला तर फेंडर निळसर, चुन्यासारखं पांढरं दिसतं.

कोड गाडीवरच्या पाटीवरून घ्यावा, आरसी बुकावर नुसतं "व्हाइट" लिहिलेलं असतं, त्याचा उपयोग नाही. टोयोटाचा ०७० किंवा होंडाचा एनएच-८८३पी असे कोड दुकानात सांगितले की दोन डबे मिळायला हवेत, एक ग्राउंडचा आणि एक मिडकोटचा. एकच डबा पुढे आला तर तिथेच थांबावं. कुणीतरी पांढऱ्यात थोडी पर्ल पावडर घोळून दिलेली असते आणि ती कितीही छान मारली तरी जुळत नाही. दुसरी गोष्ट, एकाच कोडचे कंपनीच्या यादीत दोन-तीन प्रकार असतात: एक पिवळ्याकडे झुकणारा, एक निळ्याकडे, एक जाड दाण्याचा. त्यामुळे कोड फोनवर सांगून डबा मागवण्यापेक्षा गाडी घेऊन किंवा निदान पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून घेऊन दुकानात जावं.

नमुना बघण्याआधी दरवाज्याचा तळहाताएवढा भाग कंपाउंडने घासून घेतला. ही पायरी खानदेशात टाळून चालत नाही. वर्षातले चार महिने गाडी भाजून निघते, त्यात बोअरच्या जड पाण्याने धुतलेली, त्यामुळे क्लिअरवर क्षारांचा आणि मळाचा पिवळट थर बसलेला असतो. त्या थराशी रंग जुळवला आणि पुढे कुणी गाडी पॉलिश केली, की फेंडर वेगळं पडतं.

आता कार्ड. बाजारात मिळणारी काळ्या-पांढऱ्या चौकटींची स्प्रे कार्डं उत्तम, नाहीतर सर्फेसर (रंगाखालचा भराव कोट) मारलेली पत्र्याची पट्टी चालते. लांबी किमान फूटभर हवी. आधी पूर्ण पट्टीवर ग्राउंड कोट, काळ्या चौकटी पूर्ण झाकल्या जाईपर्यंत. पांढऱ्याला झाकायला साधारण दोन ते तीन कोट लागतात. ग्राउंड वाळून मॅट झाला की पट्टीचे चार भाग कल्पून वरचे तीन कागदाने झाकले आणि खालच्या भागावर मिडकोटचा पहिला कोट मारला. तो मॅट झाल्यावर कागद एक भाग वर सरकवून दुसरा कोट, पुन्हा सरकवून तिसरा, मग कागद काढून चौथा. आता खालच्या भागावर चार कोट आहेत, सर्वांत वरच्या भागावर एक. शेवटी पट्टीला उभी अर्धी टेप लावून एका बाजूला क्लिअर मारलं. क्लिअर नसलेल्या पर्लवरून निर्णय घेऊच नये: क्लिअर बसताच रंगाला खोली येते आणि छटा बदलते. अर्धी बाजू कोरडी ठेवण्याचं कारण असं, की पुढे गाडीवर मिडकोट चालू असताना तो क्लिअरविना कसा दिसायला हवा याचा नमुना हाताशी राहतो.

कार्ड ज्या गनने, ज्या नोझलने, ज्या प्रेशरने आणि ज्या थिनरने मारलं, त्यानेच गाडी मारायची. आमचं माप: १.३ मिमी नोझल, ट्रिगर दाबलेला असताना गनच्या मुठीशी २ बार, पॅनेलपासून १५ ते २० सेंमी अंतर, मिडकोटसाठी पट्ट्यावर पट्टा पाऊण भाग चढवलेला. कार्डाच्या पाठीमागे हे सगळं, त्या वेळचं तापमान आणि कोटांची संख्या पेनाने लिहून ठेवली. कार्ड मारणारा आणि गाडी मारणारा माणूसही एकच हवा. हाताचा वेग माणसागणिक वेगळा असतो आणि पर्लमध्ये वेग म्हणजे जाडी.

कार्ड वाळल्यावर ते दरवाज्याला टेकवून तीन बाजूंनी बघितलं. सरळ समोरून, मग थोडं तिरकं, मग दरवाज्याच्या कडेला डोळा लावून अगदी आडवं. समोरून तीन कोटांचा भाग जुळला आणि आडवं बघताना दोन कोटांचा, तर गडबड कोटांच्या संख्येत नाही, फॉर्म्युल्याच्या प्रकारात किंवा ग्राउंडच्या छटेत आहे. अशा वेळी मिडकोट वाढवून-घटवून उपयोग होत नाही, दुसरा प्रकार मागवावा लागतो. दुपारी बाराच्या उन्हात बघू नये, आपल्याकडचं ऊन इतकं पांढरं असतं की फरक धुऊन निघतो. सकाळी नऊच्या सुमारास शेडच्या उत्तरेकडच्या सावलीत छटा बघावी आणि मग बाहेर आणून उन्हात फक्त दाणा, म्हणजे चमकणाऱ्या कणांचा आकार आणि दाटपणा. ट्यूबलाइटखाली जुळलेलं बाहेर फसवतं. या गाडीला तीन कोट बरोबर बसले.

फेंडर नवं, काळ्या प्रायमरचं होतं. कंपनीचा मूळ काळा प्रायमर बुडवून बसवलेला आणि भट्टीत भाजलेला असतो, तो काढायचा नाही, फक्त ३२०–४०० नंबरच्या पेपरने खरखरीत करायचा. बाहेरच्या बनावटीच्या फेंडरवर मात्र अनेकदा नुसता दिखाऊ काळा रंग असतो. ओळख सोपी आहे: थिनरचा बोळा अर्धा मिनिट दाबून धरावा. रंग बोळ्याला आला तर सगळा उतरवून उघड्या पत्र्यावर एपॉक्सी प्रायमरपासून सुरुवात करावी, नाहीतर वरचे सगळे कोट त्या कच्च्या पायावर उभे राहतात आणि पहिल्याच खड्याच्या फटक्याला टवका उडतो. त्यावर टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायचा सर्फेसर, पांढरा किंवा फिका करडा, दोन-तीन कोट. गडद सर्फेसर घेतला तर ग्राउंडला झाकायला जास्त कोट लागतात आणि कडांना रंग जाड होतो. सर्फेसर वाळल्यावर उंचसखल दाखवणारी काळी गाइड पावडर फिरवून ब्लॉकने ४००, मग ६०० पर्यंत. पर्लचा कोट पारदर्शक असल्याने ४०० च्या ओरखड्यांवर थेट गेलं तर आठवड्याभराने, थिनर पूर्ण उडून रंग बसला की, ते ओरखडे वर दिसतात.

दरवाज्यावर रंग फक्त विरवायचा, म्हणजे फिका करत नेत जुन्या रंगात मिसळवायचा होता, त्यामुळे तो १००० च्या पेपरने आणि करड्या स्कॉचब्राइटने (घासायच्या जाळीदार पॅडने) मॅट केला. हँडल, काच पट्टी, मोल्डिंग काढून ठेवलं. टेप लावून काम भागवणाऱ्याच्या कडेला क्लिअरची कड राहते आणि ती पुढे तिथूनच सुटते.

पाणी पेपर वापरला तर शेवटचं धुणं आरओच्या पाण्याने. बोअरच्या पाण्याचा क्षार पत्र्यावर वाळला आणि त्यावर रंग गेला, की पावसाळ्यात तिथे बारीक फोड येतात. आणि टायरला, डॅशबोर्डला लावायचं सिलिकॉन पॉलिश शेडमध्ये नकोच. त्याचे तुषार पॅनेलवर बसले की क्लिअर त्या जागेवरून मागे सरकतं आणि गोल खड्डे पडतात. डिग्रीझर दोन फडक्यांनी लावावा, एकाने ओला, लगेच दुसऱ्याने कोरडा. एकाच फडक्याने पुसणं म्हणजे तेलकटपणा इकडून तिकडे नेणं.

फेंडरच्या आतल्या कडा, बोनेटखाली येणारी पट्टी आणि दरवाज्याच्या बाजूचा मोड आधी सुटं असतानाच मारून घेतलं. मग फेंडर गाडीवर बसवलं, फटी जुळवल्या आणि बाहेरची बाजू गाडीवरच मारली. सुटं फेंडर स्टँडवर आडवं ठेवून मारणं सोयीचं वाटतं, पण आडव्या पृष्ठभागावर अभ्रकाचे पापुद्रे जास्त सपाट बसतात, उभ्यावर वेगळ्या कोनात. आडवं मारलेलं फेंडर उभ्या दरवाज्याशेजारी लावलं की समोरून उजळ आणि बाजूने काळवंडलेलं दिसू शकतं. बंपरही स्टँडवर त्याच्या बसण्याच्या स्थितीतच धरला.

बंपरबद्दल मालकाला आधीच सांगून ठेवावं. पत्र्याचं शरीर कारखान्यात साधारण १४० अंशांना भाजतात, प्लास्टिकला तेवढी उष्णता चालत नाही, त्यामुळे बंपर वेगळ्या रंगाने वेगळ्या ओळीवर रंगवलेले असतात. नव्या कोऱ्या गाडीतही बंपर आणि फेंडरमध्ये किंचित फरक असतो. दुसऱ्या बाजूचं फेंडर आणि बंपर दाखवून तो फरक कामाआधीच नजरेस आणून दिला, की नंतरचा वाद टळतो. बंपरचं प्लास्टिक पीपी (पॉलिप्रॉपिलीन) जातीचं असतं, त्याला रंग आपणहून धरत नाही. उघड्या पडलेल्या जागेवर प्लास्टिक प्रायमरचा एक पातळ कोट हवाच, आणि तोही पातळच. जाड मारला तर तोच सुटतो. पार्किंग सेन्सर काढून वेगळे, अगदी पातळ मारावेत. जाड रंगाखाली ते नीट काम करत नाहीत.

वेळ निवडणं हा खानदेशातला सगळ्यात अवघड भाग. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई, प्रत्येकाला गाडी लग्नाच्या आधी हवी असते, आणि रंगासाठी हाच काळ सर्वांत वाईट. जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ च्या वर जातो, उन्हातला पत्रा हात लावू देत नाही. गरम पत्र्यावर मिडकोट टेकायच्या आतच सुकतो, अभ्रक वाकडंतिकडं उभं राहतं आणि दाणा खरबरीत दिसतो. क्लिअर वरून पटकन साय धरतं, खालचं थिनर अडकतं आणि मग टाचणीच्या टोकाएवढे फोड फुटतात. म्हणून उन्हाळ्यात गाडी रात्रभर शेडमध्ये ठेवून पहाटे सहा ते आठ या वेळात मारायची, थिनर आणि हार्डनर दोन्ही स्लो, म्हणजे उशिरा सुकणारे घ्यायचे. क्लिअर थोडं थोडं मिसळायचं: डब्यावर लिहिलेली वापरायची मुदत २० अंशांना मोजलेली असते, चाळिशीच्या उकाड्यात ती निम्म्याहूनही कमी होते. दुपारनंतर सुटणारा वारा मुंबई–आग्रा मार्गाकडची सगळी धूळ घेऊन येतो, त्यामुळे दुपारी सर्फेसर घासण्याखेरीज काही करू नये.

हिवाळ्यात उलटं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास येतो, तेव्हा सकाळी अकरा ते तीन ही वेळ योग्य. त्या दिवसांत दुसरा त्रास कापसाचा. धरणगाव, बोदवड, जामनेर, जिथे जिनिंग चालू आहे तिथे रुईचे तंतू हवेत तरंगत असतात आणि ओल्या क्लिअरवर येऊन झोपतात. शेडच्या जाळीवर ओलं गोणपाट, जमिनीवर पाणी शिंपडलेलं, आणि मारणाऱ्याच्या अंगात सुती कपड्यांऐवजी न झडणारा नायलॉनचा कोट, एवढं केलं की तंतू बरेच कमी होतात.

मारण्याआधी मिडकोट ढवळत राहावं. अभ्रक जड असतं, पाच-दहा मिनिटांत तळाशी बसतं. गनच्या कपात भरून कुणी फोनवर गेला तर परत आल्यावर पहिला कोट दाट आणि शेवटचा फिका जातो. गाळणी १९० मायक्रॉनची, क्लिअरसाठी १२५ ची. गनच्या कपात बारीक जाळी असेल तर ती काढून टाकावी, तिच्यात दाणा अडकतो. फेंडर, बंपरचा कोपरा आणि अर्ध्या दरवाज्यावर विरवणं यासाठी थिनर मिसळून ग्राउंड साधारण ३०० मिली आणि मिडकोट ४५० मिली लागला.

ग्राउंड फक्त फेंडरवर आणि बंपरच्या दुरुस्त भागावर मारला, दरवाज्यावर एक थेंबही जाऊ दिला नाही. सगळ्यात जास्त कामं इथेच बिघडतात. ग्राउंडचे तुषार दरवाज्यावर बसले की त्यांच्यावरून मिडकोट गेल्यावर तिथे चुनेरी पट्टा उमटतो, आणि तो क्लिअरनंतरच दिसतो. बंपरवर दुरुस्त भागाच्या कडेला ग्राउंड विरवताना शेवटचा कोट जास्त पातळ करून मारला आणि वाळल्यावर टॅक क्लॉथने (चिकट फडक्याने) कडेचा कोरडा धुरळा हलकेच उचलला.

मिडकोटचा पहिला कोट फेंडरच्या मागच्या कडेपर्यंत. दरवाज्यावर तत्पूर्वी रंगहीन ब्लेंडिंग बेसचा एक ओला पातळ कोट देऊन ठेवला, म्हणजे विरणारे कण कोरड्यावर न पडता ओल्यात नीट झोपतात. दुसरा कोट दरवाज्यावर वीतभर आत नेला, तिसरा दोन वीत, प्रत्येक वेळी मनगट वळवून ट्रिगर सोडत. प्रत्येक कोटानंतर पूर्ण मॅट होईपर्यंत थांबलो, हवेने फुंकून घाई केली नाही. ओल्यावर ओला कोट गेला की अभ्रक वाहून ढग तयार होतात. पट्टे दिसू लागले तर त्याचं कारण बहुधा हात नसतो, कंप्रेसर असतो: १ एचपीच्या छोट्या मशिनचं प्रेशर फटका अर्ध्यात असतानाच पडतं. एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाबाच्या) गनला मिनिटाला ३०० ते ४०० लिटर हवा लागते, ती सलग देणारी टाकी हवी. शेवटी २५ सेंमीवरून, प्रेशर थोडं उतरवून एक उडता हलका कोट दिला, त्याने दाणा एकसारखा झाला. हा उडता कोट कार्डावरही दिलेला होता. कार्डावर नसेल तर गाडीवर देऊ नये, छटा सरकते.

क्लिअर २:१, म्हणजे दोन भाग क्लिअर आणि एक भाग हार्डनर, डब्यावर लिहिलंय तेवढंच थिनर. फेंडर आणि दरवाजा पूर्ण, कडेपासून कडेपर्यंत. पॅनेलच्या मध्ये क्लिअर थांबवून थिनरने विरवायची सवय वाईट आहे, दोन उन्हाळ्यांत ती रेघ उघडी पडते. दोन कोट, पहिला मध्यम, दुसरा भरून, मध्ये बोटाला टेपवर तार न येता चिकट लागेल इतका वेळ. वाळल्यावर ५० ते ६० मायक्रॉन मिळायला हवं.

क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं घातक रसायन असतं. तोंडाला रुमाल बांधून किंवा कापडी मास्क लावून ते अडत नाही, आणि वास आला नाही म्हणजे हवेत नाही असंही नसतं. याने दमा जडतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झालं की थोड्याशा संपर्कानेही श्वास कोंडतो. मग तो माणूस या धंद्यात राहू शकत नाही. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क सर्वांत चांगला, तो नसेल तर ए-२-पी-२ (वाफ आणि तुषार दोन्ही अडवणाऱ्या) कार्ट्रिजचा चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क, हातमोजे आणि चष्मा. मदतीला असलेल्या पोरालाही तोच मास्क द्यावा. क्लिअर मारून झालं की लगेच मास्क काढून काम बघायला वाकू नये, तुषार बराच वेळ हवेत असतात.

भट्टी असेल तर पत्र्याचं तापमान ६० अंश धरून अर्धा तास. नसेल तर बंद शेडमध्ये रात्रभर. क्लिअरवर बसलेला तंतू ओला असताना बोटाने काढायला जाऊ नये, खड्डा पडतो. दुसऱ्या दिवशी २००० ने तेवढाच ठिपका घासून, मग ३००० आणि बफ. घासताना १०-१५ मायक्रॉनपेक्षा जास्त उतरवू नये. फेंडरच्या चाकावरच्या कमानीची कड टेप लावून वाचवावी, बफचं चाक तिथेच क्लिअर खातं. आणि मिडकोट उघडा पडला की त्याला टचअप नाही, पॅनेल पुन्हा.

गाडी देताना मालकाला तीन गोष्टी सांगितल्या. महिनाभर वॅक्स किंवा कोटिंग नको, आतलं थिनर बाहेर पडायला वाव हवा. आठवडाभर फोम वॉश नको आणि उन्हात कव्हर घालून ठेवायची नाही. आणि लग्नाला गाडी सजवणार असाल तर फुलं, माळा, नावाची पाटी काहीही चिकटपट्टीने फेंडरवर किंवा डाव्या दरवाज्यावर लावू देऊ नका. कोवळ्या क्लिअरवर उन्हाने डिंक वितळतो, पट्टीचा ठसा रुततो, आणि तो काढायला कुणी थिनर लावलं तर क्लिअर तिथल्या तिथे मऊ पडतं. माळा दोऱ्याने बोनेटच्या फटीत अडकवता येतात.